कुपन नसलेल्यांची पंगत

गेल्या वर्षी सुगीच्या सणाला नाशिकमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं. मटण, भात, न खाणाऱ्यांसाठी बटाट्याचा रस्सा, वर बुंदी. गर्दी आवरावी म्हणून माणशी एक कुपन ठेवलं होतं आणि ती कुपनं आदल्या रविवारी सभासद कुटुंबांना वाटून झाली होती. रांगेत माझ्यापुढे चार माणसं सोडून एक तरुण जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर दीडेक वर्षाची पोरगी. नवरा अंबडला कंत्राटावर कामाला. तीन-चार रविवार त्यांना मी शेवटच्या बाकावर पाहिलं होतं. गाण्याच्या वेळी शेजारच्याच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात डोकावून गाणारी माणसं.

त्यांचा नंबर आला आणि कुपन नाही म्हटल्यावर वाढप्यांच्या शेजारी बसलेल्या भाऊंनी विचारलं, "तुम्ही कोणाच्या घरचे?" नवऱ्याला प्रश्न कळला नाही. मग, "मूळची मंडळी कोणती? पाळकसाहेबांची चिठ्ठी आणलीय का?" चिठ्ठी म्हणजे आधीच्या मंडळीच्या धर्मगुरूंचं ओळखीचं पत्र. ते नव्हतं. "बरं, जरा बाजूला थांबा. सभासदांचं होऊ द्या, मग बघू." कोणी आवाज चढवला नाही, कोणी अपमान केला नाही. ती दोघं नळापाशी थोडा वेळ उभी राहिली, पोरीला पाणी पाजलं आणि निघून गेली. दुपारी भांडी आवरताना बायका सांगत होत्या, दोन पातेली भात उरला. माझ्या हातात कुपन होतं आणि मी काही बोललो नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

नंतर कळलं की ते कुटुंब आता सिडकोत एका दुकानावरच्या हॉलमध्ये भक्तीला जातं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, आणि चिठ्ठी न मागणारे पास्टर.

हा प्रसंग मी दोन-तीन जणांपाशी काढला. सगळ्यांचं उत्तर एकच होतं : व्यवस्थेची चूक, पुढच्या वेळी दहा-वीस कुपनं जादा छापू. मला ती व्यवस्थेची चूक वाटत नाही. 'तुम्ही कोणाचे?' हा प्रश्न आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं बाहेर जन्मभर ऐकतो. तो आम्हाला टोचतो. आणि तोच प्रश्न आम्ही आमच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला विचारतो. आपली ओळख आपण कशावर उभी केली आहे, हे त्या रांगेत उघडं पडलं.

बाहेरचा प्रश्न आधी. माझं आडनाव महाराष्ट्रात कुठंही सापडेल असं आहे, नावही तसंच. त्यामुळे नाशिकमध्ये भाड्याचं घर बघताना बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. आडनाव ऐकून मालक अंदाज बांधतो. मग भिंतीवर क्रूस लावू का, असं मी विचारतो, आणि अंदाज मोडतो. "अच्छा, ख्रिश्चन. पण म्हणजे... मूळचे?" या 'मूळचे' शब्दात सगळं आलं. तुमचा धर्म हा वरचा रंग आहे, खरडला की खाली खरी जात निघेल, असा तो विश्वास. मराठीत या रंगाला शब्दही आहे : बाटणे.

हा शब्द नीट पाहायला हवा. बाटतं ते पाणी, अन्न, भांडं. माणूस बाटतो तो कोणाच्या हातचं खाल्लं-प्यालं यावरून. वसईपासून गोव्यापर्यंत घरोघर सांगितली जाणारी एक कथा आहे : पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावानं नकळत पाणी प्यालं, आणि गाव ख्रिस्ती झालं. कथा खरी की खोटी यापेक्षा तिच्यात गृहीत काय धरलं आहे, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्या गावकऱ्यांनी कोणावर विश्वास ठेवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. पाणी पोटात गेलं आणि शेजाऱ्यांनी त्यांना पंगतीतून उठवलं, एवढंच घडलं. म्हणजे ख्रिस्ती कोण, हे ठरवलं पंगतीनं. आमच्या घाटावरच्या लोकांसाठी याच कथेची दुसरी आवृत्ती आहे. तिथं पावाऐवजी दुष्काळ येतो, 1876-78 चा. 'पोटासाठी गेले.' नगर जिल्ह्यातल्या ज्या वस्त्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला जात नव्हता, तिथल्या माणसाला कोणी तरी शेजारी बसवून घास दिला, तर त्याला आमिष म्हणायचं आणि विहिरीवरच्या बंदीला परंपरा. माझ्या पणज्याला पोट होतं हे मला मान्य आहे. पोटाच्या वर डोकंही होतं, एवढं धरून चालावं.

याला उत्तर देण्याची आमची एक पद्धत ठरून गेली आहे आणि तिचा मला कंटाळा आला आहे. कोणी मराठीपणावर बोट ठेवलं की आम्ही दाखले काढतो. फादर स्टीफन्सचं 1616 चं 'ख्रिस्तपुराण', 1842 पासूनचं 'ज्ञानोदय', बाबा पदमनजींची 1857 ची 'यमुनापर्यटन', कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई, अलीकडचे फादर दिब्रिटो. मग नाताळात आमच्याकडेही करंज्या-चकल्या होतात, हे सांगून शेवट. हे सगळं खरं आहे. पण आपल्या वाडवडिलांना चारित्र्याच्या दाखल्यासारखं खिशात बाळगणारा समाज स्वतः कोण आहे, हे सांगत नाही. तो फक्त आपण उपरे नाही, असं विनवत राहतो. विनवणी कितीही विद्वत्तेची असली तरी ती ओळख होत नाही.

मग ओळख कुठून येते? पवित्र शास्त्र यावर मजेशीर काही सांगतं. 'ख्रिस्ती' हे नाव शिष्यांनी स्वतः घेतलेलं नाही. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात म्हटलं आहे की ते नाव पहिल्यांदा मिळालं अंत्युखिया (अँटिऑक) या शहरात. दिलं बाहेरच्यांनी, बहुधा थट्टेनं. यहूदी म्हणावं तर यांच्यात यहूदी नसलेले बसतात, ग्रीक म्हणावं तर यहूदी आहेत. मग यांना म्हणायचं काय? जुन्या खणात बसेनात म्हणून नवा शब्द करावा लागला.

आणि याच अंत्युखियात मंडळीतलं एक मोठं भांडण झालं, तेही जेवणावरून! प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो ते वाचा. येशूचा शिष्य पेत्र तिथं परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीनं तो हळूच मागं सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे, अगदी बर्णबासुद्धा. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर खडसावलं. पेत्राचं चुकलं काय होतं? त्यानं शिकवण बदलली नव्हती, उपासना सोडली नव्हती. तो फक्त ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला गेला होता. पौलाच्या लेखी तेवढ्यानं सुवार्ता मोडली. कारण देवापुढं माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासानं, कुळानं नाही, हे जर खरं असेल तर ते पंगतीत दिसलंच पाहिजे. तिथं दिसलं नाही तर ते कुठंच खरं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ख्रिस्ती माणसाची आणि ख्रिस्ती मंडळीची ओळख त्यांच्या वंशावळीत, मिशनच्या नावात किंवा सातबाऱ्यावर नसते. ती पंगतीत असते. कोणाला आत घेतलं आणि कोणाला 'बाजूला थांबा' म्हटलं, यावरून मंडळी कळते.

नाशिकमध्ये हे बोलायला एक खास कारण आहे. आपण रोज शरणपूर रोडवरून जातो. रिक्षावाला म्हणतो, दुकानांच्या पाट्यांवर असतं, आणि त्यातलं 'शरण' कोणाच्या कानाला लागत नाही. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला 1832 मध्ये सुरू झालं. पुढं 1854 च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं गावाबाहेर ही वस्ती वसवली. नाव ठेवलं शरणपूर, आसऱ्याचं गाव. ज्यांना जातीनं टाकलं, ज्यांना घर उरलं नाही, त्यांच्यासाठी. इथं पुढं आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज आरमार पकडायचं, त्यातली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची, आणि त्यांतली अनेक शरणपुरात येऊन पोचली. गोदावरीच्या काठी सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. आपल्या शहराचं नाव जगात पहिल्यांदा द्राक्षांमुळं गेलं, असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा शरणपुरात शिकलेला हा तरुण त्याच्यासोबत होता. त्यानं प्रेतसंस्काराचा पाठ वाचला, काळीज पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली. मग त्या तुकडीनं तो देह कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. पुढल्याच वर्षी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वस्ती उभी राहिली. ती उभी करायला प्राइसच गेला होता आणि तिथं शाळा-मंडळी चालवणाऱ्यांत नाशिकहून गेलेले आफ्रिकी होते.

ही गोष्ट मी अभिमानानं सांगतो, पण तिच्यात एक काटा आहे आणि तो काढून टाकायची मला इच्छा नाही. 'जेकब वेनराइट' हे नाव त्या मुलाच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. आसरा मिळाला, त्याबरोबर नवं नाव आलं, नवे कपडे, नवा धनीही. मिशननं माणसाला गुलामगिरीतून सोडवलं, आणि लगेच मुलासारखं धाकात ठेवलं. शरणपुरातल्या आपल्या मराठी माणसांचंही फार वेगळं नव्हतं. गावानं टाकलं म्हणून मिशनच्या कंपाउंडमध्ये आले आणि कंपाउंडमुळं गावापासून आणखी तुटले. तरीही एक गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही. त्या वस्तीत शिरताना कोणालाही 'तुम्ही कोणाचे' हे विचारायची सोय नव्हती, कारण कोणी कोणाचंच नव्हतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे ना, पूर्वी तुम्ही लोकच नव्हता, आता देवाचे लोक आहात. शरणपूर म्हणजे हे वाक्य विटामातीत बांधलेलं. त्याच वस्तीचा वारसा सांगणाऱ्या आम्ही चिठ्ठी मागावी?

पंगतीचं हे सूत्र याच जिल्ह्यातल्या एका बाईनं आपल्या आयुष्यात कसं उलगडलं, ते सांगायलाच हवं. लक्ष्मीबाई टिळक जलालपूरच्या, नाशिकपासून हाकेच्या अंतरावर. वडिलांच्या सोवळ्यानं घरादाराचा कसा छळ मांडला होता, ते 'स्मृतिचित्रे'त वाचताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतो. ती कोसळते, वेगळी राहते, नवऱ्याकडं परतते तेव्हाही आपलं सोवळं सांभाळूनच. तिचा बाप्तिस्मा झाला पाच वर्षांनी, 1900 मध्ये. पण त्याच्या आधीच तिच्यातली जात गळून पडली होती. ती गळाली धर्मशास्त्राच्या वाटेनं नाही, पाण्याच्या आणि अन्नाच्या वाटेनं : देवानं माणसं केली, जाती कोणी केल्या, हा विचार डोक्यात आला आणि ती कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागली. बाप्तिस्म्याचं पाणी नंतरचं, आधी शिवाशिवीचं पाणी ओलांडलं. आमच्याकडं क्रम उलटा झाला आहे. बाप्तिस्मा पिढ्यान्‌पिढ्या होतो आणि ते पहिलं पाणी तसंच ओलांडायचं राहतं.

आणि टिळक? आमच्या मंडळ्यांत त्यांची पदं गातात, त्यांचा फोटो लावतात, त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल मात्र फारसं बोलत नाहीत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा, मग तो बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला जागा असेल असा हा दरबार. 9 मे 1919 ला ते गेले आणि ती कल्पना तिथंच विरली. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. बाप्तिस्मा ही बाजूला ठेवायची गोष्ट आहे, असं मी मानत नाही. पण मंडळीची ओळख मिशनच्या पगारपत्रकावर आणि सभासदयादीवर उभी राहिली तर ती ख्रिस्ताची राहत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पगारपत्रक गेलं. यादी राहिली.

यादीबरोबर मिशनही राहिलं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अर्धशतक उलटलं, तरी सोयरीक जुळवताना विचारतात, "तुम्ही सीएमएसचे, एसपीजीचे की अमेरिकन मिशनचे?" सीएमएस म्हणजे तीच चर्च मिशनरी सोसायटी, बाकीची दोनही तशीच परदेशी मिशनं. ज्या संस्थांचे शेवटचे गोरे लोक कधीच बोटीत बसून गेले, त्यांच्या नावानं आम्ही पोटजाती करून घेतल्या. पौलाच्या काळातले करिंथ मंडळीचे लोक तरी 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' म्हणत होते. ती निदान माणसं होती, लंडन-बोस्टनच्या कचेऱ्या नव्हत्या.

आणि मिशनच्या खाली जात आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी सगळे धर्म तपासले. ख्रिस्ती धर्माबद्दल ते आदरानं बोलले, पण भारतातल्या ख्रिस्ती समाजाबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलं ते आमच्या रविवारच्या प्रवचनात कधी येत नाही. धर्मांतर करूनही जात गेली नाही आणि अन्यायाविरुद्ध हा समाज संघटित होऊन उभा राहत नाही, ही त्यांची टीका होती. काळारामापासून शरणपूर दोन-तीन किलोमीटर. एवढ्या जवळ एक दार सताड उघडं असायला हवं होतं आणि त्यांना ते तसं दिसलं नाही, याची बोच आम्हाला असली पाहिजे.

आता कागदांकडं येतो, कारण कुपनाचा प्रश्न शेवटी कागदाचाच आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, म्हणजे एका रविवारच्या पाण्यानं माणूस एका यादीतून दुसऱ्या यादीत जातो. रंगनाथ मिश्र आयोगानं 2007 मध्येच धर्माची ही अट काढा असं सांगितलं होतं. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. सरकारची भूमिका काहीही असो, माणसाला देव आणि दाखला यांतून एक निवडायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. गावातली शिवाशिव काही बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट बघून थांबत नाही.

पण याचा आमच्या मंडळ्यांवर झालेला परिणाम बघा. कित्येक माणसं मनानं ख्रिस्ताची झाली आहेत, प्रार्थनेला येतात, उपास धरतात, मुलांना शास्त्र शिकवतात, आणि बाप्तिस्मा मात्र घेत नाहीत, कारण पोराचं शिक्षण आणि नोकरी त्या कागदावर अडकलेली आहे. काहींचा झालेला असतो, पण नोंद नसते. एकाच घरात एक भाऊ 'हिंदू' आणि बहीण 'ख्रिस्ती' असते. कामासाठी सुरगाण्याहून, पेठहून नाशिकला उतरणाऱ्या आदिवासी विश्वासणाऱ्यांचा दाखला कायद्यानं धर्मावर अवलंबून नाही. तरी त्यांच्याही मागं 'धर्म बदलला तर यादीतून काढा' ही मागणी लागलेली आहे. अशी माणसं शेवटच्या बाकावर बसतात. बाहेरच्या कायद्यानं ज्यांना कागदावर येऊ दिलं नाही, त्यांनाच आम्ही आत कागद विचारतो. नळापाशी उभं राहिलेलं ते जोडपं यांपैकी होतं की नाही, मी सांगू शकत नाही. कोणी त्यांना चिठ्ठीपलीकडचं काही विचारलंच नाही.

आमच्या मंडळीत एक आप्पा आहेत, ऐंशी पार केलेले, तीस वर्षं कमिटीवर होते. हे सगळं मी त्यांना ऐकवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाळ, यादी आणि कंपाउंड नसतं तर उद्या तुला पुरायला जागा नसती." हे मला खोडता येत नाही. राज्यात आम्ही शेकड्याला एक. आमच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्रात मिशनच्या किती जमिनी गेल्या, काही बाहेरच्यांनी गिळल्या, काही आतल्यांनी विकल्या. यादी सैल केली की निवडणुकीच्या आदल्या महिन्यात गाड्या भरून 'विश्वासणारे' येतात, हेही पाहिलं आहे. आप्पांच्या पिढीनं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणून छप्पर राहिलं. शिवाय आठवण ही काही हलकी गोष्ट नाही. त्याच बाकावर माझी आजी बसायची, तिच्या आवाजातली पदं मला पाठ आहेत, तिची कबर त्याच आवारात आहे. सिडकोच्या हॉलमध्ये प्रेम आहे, पण कबर नाही. उद्या पास्टर बदलले, भाडं वाढलं, तर ती मंडळी कुठं जाईल? एका माणसाच्या आवाजावर उभी राहिलेली मंडळी त्या माणसाच्याच ताब्यात जाते, हा धोकाही खरा आहे. माझा तिकडं उठून जाण्याचा विचार नाही.

आप्पांचं माझं बिनसतं ते इथं : मालमत्ता सांभाळायची यादी आणि मंडळी ओळखायची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदानाला यादी लावा, दहा वर्षांची अट घाला, माझी हरकत नाही. पण ती यादी आपण प्रार्थनेला लावली, भेटीगाठींना लावली, शेवटी भाताच्या पातेल्यालाही लावली. मग 'सभासद' हाच ख्रिस्ती या शब्दाचा अर्थ झाला. त्यातूनच 'आम्ही पिढीजात ख्रिस्ती' हा शब्दप्रयोग जन्माला आला. मी स्वतः तो वापरला आहे, 'पाचवी पिढी' असं छाती काढून सांगितलं आहे. जरा थांबून विचार केला तर हे वाक्यच चुकीचं आहे. ख्रिस्ती कुळात जन्मता येतं, ख्रिस्ती जन्मता येत नाही. नव्यानं जन्मावं लागतं, हे येशूनं निकदेम या यहूदी पुढाऱ्याला सांगितलं होतं आणि निकदेम काही परका नव्हता, तो पिढीजातच होता. माझा बाप्तिस्मा मी महिन्याचा असताना झाला, दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, पंधराव्या वर्षी, सगळ्या मित्रांबरोबर, नवा शर्ट घालून. मी ख्रिस्ताचा आहे हे मला खरं समजलं ते फार उशिरा, वडील गेल्यानंतरच्या एका वर्षात. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटा छापून आलेला तो माणूस संध्याकाळी घरी एक मळकी वही उघडायचा. तीत ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं असत. ते गेल्यावर मी ती वही उघडली. त्यातली निम्मी माणसं आमच्या मंडळीची नव्हती. एक पानपट्टीवाला होता, प्रेसमधला एक मुसलमान फोरमन होता, एकीच्या नावापुढं फक्त 'धुणीभांडी' एवढंच. ही त्यांची सभासदयादी होती. मला वाटतं मी त्या वहीत जन्मलो.

दर फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला लोटणारी गर्दी बघून आमच्यातले काही नाकं मुरडतात. 'त्यात ख्रिस्ती किती? सगळे नवसाचे.' मी कॅथलिक नाही आणि नवस माझ्या पठडीत बसत नाही. पण त्या रांगेत मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या बाईला कोणी 'तुम्ही कोणाच्या' असं विचारत नाही, हे मी पाहिलंय. प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीचे, नियम कॅथलिकांचे आमच्याहून कडक आहेत, आणि त्यांना ते ठेवायचा हक्क आहे. दार मात्र त्यांनी रुंद ठेवलं. आमचं उलट : प्रभुभोजनाला आम्ही उदार, प्रीतिभोजनाला कुपन.

यंदाच्या सुगीच्या सणाचं ठरवायला गेल्या महिन्यात बैठक झाली. मी मांडलं की या वर्षी कुपन नको, आणि दारात उभं राहणाऱ्यानं पहिला प्रश्न नावाचा विचारावा, दुसरा 'जेवलात का' हा. चिठ्ठीचा विषय पाळकसाहेबांनी नंतर घरी जाऊन, चहा घेताना काढावा. खर्चाचा प्रश्न निघाला. बाहेरचे लोक फुकट जेवून जातील असं कोणी तरी म्हणालं. आप्पा गप्प होते. शेवटी ते म्हणाले, "मटण कमी पडलं तर रस्सा वाढवा." त्यावर थोडं हसू झालं. ठराव झाला नाही, पुढच्या बैठकीवर गेला.

निघताना सेक्रेटरींच्या टेबलावर नव्या कुपनांचा गठ्ठा दिसला. गुलाबी कागद, रबर बँड लावलेला, छापून आलेलाच होता. मी सिडकोतल्या त्या हॉलचा पत्ता काढला आहे. सणाच्या आधीच्या आठवड्यात जाऊन त्या पोरीच्या आईबापांना जेवायला बोलवायचं आहे. कुपनाचं काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.